लाल लॉग ९: क्रमांक ४ नापास

भावाच्या लग्नकार्यासाठी घरीच लिपस्टिका एकत्र वितळवून मी स्वतःला शोभेलसा लाल शोधतेय. मागच्या नोंदीत ज्या मिश्रण क्रमांक ४ चं मी तोंड भरून कौतुक केलं होतं, तो भावाच्या साखरपुड्यात सपशेल आपटला. निघताना जिन्याच्या खिडकीशी आरसा धरून पाहिलं, तर ओठ डाळिंबाच्या दाण्यांसारखे. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मामी म्हणाली, “काय गं, पान खाऊन आलीस का?” मामी उगाच बोलत नाही. फोटोत ओठ कात फासल्यासारखे तपकिरी आणि अंगावरची डाळिंबी खणाची साडी चक्क चॉकलेटी.

पहिला संशय ओठांच्या मूळ रंगावर. माझे जांभळटच, त्यात अंडरटोन, म्हणजे कातडीखालची झाक, ऑलिव्ह, हिरवट. निळसर लाल लावला की गुलाबी मारतो, नारिंगी लावला की शेंदूर. पण त्यावर उपाय म्हणून तपकिरी लायनर आतपर्यंत भरून घेतलाच होता. दुसरा संशय फोनवर, कारण गडद लाल म्हटला की फोनचा कॅमेरा त्यातल्या छटा गिळून एकसलग लाल ठिपका करून टाकतो. पण मामीचे डोळे काही फोन नव्हेत.

मग दुसऱ्या दिवशी कानातलं पडलंय बहुतेक, अशी थाप मारून परत हॉलवर गेले. मनगटापासून कोपरापर्यंत सहा स्वॉच, म्हणजे लिपस्टिकच्या नमुन्याच्या रेघा, ओढलेले. स्टेजसमोर उभं राहून बघते तर निळसर लाल, मरून आणि क्रमांक ४ या तिन्ही रेघा सारख्याच! कुठली कुठली, ते मला स्वतःला ओळखता येईना. शेंदरी तेवढी जागच्या जागी होती. दारात उन्हाच्या तिरिपेत हात धरला आणि सहाच्या सहा पुन्हा वेगळ्या. आत-बाहेर चार वेळा केलं. वॉचमनकाकांनी विचारलं, “ताई, भाजलंय का हाताला?”

तर भानगड दिव्यांत आहे. एलईडीच्या खोक्यावर सीआरआय ८० छापलेलं असतं. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचे गुण, आणि तो आकडा आठ सौम्य रंगांची सरासरी. भडक लाल त्या आठांत नसतोच. त्याचा वेगळा आकडा असतो, आर-९. स्वस्त एलईडीचा आर-९ शून्याच्या आसपास असला तरी खोक्यावरचे ८० कायम. दिव्यातच गडद लाल उजेड नसेल तर ओठांनी परतवायचा तरी काय? जुन्या तारेच्या पिवळ्या बल्बखाली लाल कसा पेटायचा आठवतंय? त्या उजेडात लाल भरपूर असायचा.

आणि हे मला कळायला नऊ नोंदी लागल्या! लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये जा, फॉल बघताना काउंटरवरचा माणूस स्वतःच म्हणतो, “ताई, दारात नेऊन बघा.”

विजय क्रमांक १: घरी तोच उजेड तयार झाला. एका होल्डरला सीआरआय ८० चा साधा वॉर्म बल्ब, दुसऱ्याला ९५ वाला, ज्याच्या खोक्यावर आर-९ वेगळा छापलाय. दुसरा महाग आहे, पण चार चुकीच्या लिपस्टिकपेक्षा स्वस्तच पडला. ते रिंग लाइट मात्र आणू नका. माझ्या रिंग लाइटखाली सगळेच लाल सुंदर दिसतात, त्यामुळे तो परीक्षेला काडीच्याही उपयोगाचा नाही.

आता क्रमांक ४ ची चिरफाड. दोन ग्रॅममध्ये १.४ निळसर लाल, ०.४ विटकरी, ०.२ तपकिरी. शेवटच्या दोघांत मुख्य रंग सीआय ७७४९१ (सीआय म्हणजे लेबलवरचा रंगद्रव्याचा क्रमांक), लाल आयर्न ऑक्साइड, म्हणजे आपला गेरूच. तो मुळातच मंद. त्याला वाईट दिव्याखाली नेला की उरलासुरला जीवही जातो. निळसर लिपस्टिकच्या लेबलवर सीआय १५८५० आहे, पण एवढ्यावरून काही कळत नाही. रेड ६ आणि रेड ७ ही दोन्ही रंगद्रव्यं याच आकड्याखाली येतात, आणि पहिला नारिंगीकडे झुकतो, दुसरा निळसरकडे. म्हणून लेबल वाचून ऑनलाइन लिपस्टिक मागवायचं मी आता बंद केलंय.

वाटीत वाफेवर वितळवून ४-ब केला: निळसर १.४, नारिंगी लाल ०.५, तपकिरी फक्त ०.१. विटकरी हद्दपार. ८० च्या बल्बखाली लाल दिसतोय, चक्क लाल! वरून बोटाने जराशी ग्लॉस टेकवली तर ओठ मेल्यासारखेही वाटत नाहीत. पण खिडकीत गेले की कडांना किंचित केशरी झाक येते. लग्नाचा मुहूर्त सकाळचा, रिसेप्शन रात्रीचं. म्हणजे सकाळी ४ आणि रात्री ४-ब, असं ठरवून इथे विषय संपवणार होते.

पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं, की साडी तर तशीच चॉकलेटी दिसणार! खणाचा ताणा लाल, बाणा काळा. लाल मावळला की उरतो काळाच. मग ओठ पेटलेले आणि साडी विझलेली. चेहऱ्याला भिडतो तो ब्लाउजचा गळा, साडी नव्हे. तेव्हा खणाचाच ब्लाउज हा हट्ट सोडते. पेटीतून टू बाय टूचे, म्हणजे ब्लाउजच्या साध्या कापडाचे, जुने तुकडे काढून आत्ताच दोन्ही बल्बांखाली हनुवटीखाली धरून पाहिले. डाळिंबीने डोळ्यांखालची वर्तुळं आणखी काळी केली, राणीने गाल राखेसारखे. कुंकवी तुकडा धरला आणि वर्तुळं निम्मी झाली. चेहरा उजळला का, हे मी बघतच नाही, त्यात आपण स्वतःला फसवतो. वर्तुळं काय करतात तेवढंच बघते.

बरं, कुंकवी म्हणजे तरी कोणतं? आजीच्या डबीत हळदीचं कुंकू आहे, त्यात पिवळा दडलेला. बाजारातली पिंजर त्याच्या शेजारी ठेवली तर गुलाबी वाटते. माझा तुकडा आजीच्या डबीकडचा. आता वाटतंय, ४-ब मधला नारिंगी ०.५ वरून ०.४ वर आणून, म्हणजे ४-क करून, डबीशीच जुळवावा, मग कदाचित दिवसालाही वेगळी लिपस्टिक लागणार नाही.

शिंपीकाकांनी शनिवारपर्यंत कापड मागितलंय. शुक्रवारी रात्री ४-क लावून मामीला चहाला बोलावते, ८० चा बल्ब तेवढा स्वयंपाकघरात लावायचाय.