तुम्ही विचारलंत म्हणून: सगळे उपग्रह एकाच रॉकेटातून का नाही सोडत?

मी मिशन प्लॅनिंगमध्ये आहे म्हटलं की पाचव्या मिनिटाला हा प्रश्न येतोच. हल्ली एका रॉकेटातून डझनावारी उपग्रह जातात, मग नेव्हिगेशनवाल्यांनाच (जीपीएससारखे, जागा सांगणारे उपग्रह सोडणाऱ्यांना) दोन-दोन, चार-चार करत बसायची काय हौस? हौस नाहीये हो. जीपीएसवाले तर अजून एकेकच सोडतात. त्यांची प्रतलं, म्हणजे उपग्रहांच्या कक्षा ज्या सपाट पातळ्यांत असतात त्या, सहा, युरोपच्या गॅलिलिओ आणि रशियाच्या ग्लोनासची तीन-तीन, आणि खरी गोम त्या प्रतलांतच आहे.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, माझी यावरून चांगलीच फजिती झालेली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक एक्सेल शीट बनवलं. मोठं रॉकेट, सहा उपग्रह, तीन एका प्रतलात सोडायचे, मग वरच्या टप्प्याने (रॉकेटाच्या शेवटच्या भागाने) शेजारच्या प्रतलात जाऊन उरलेले तीन. दर उपग्रहामागचा खर्च एकदम खाली. रिव्ह्यूत तो आकडा मी मोठ्या अक्षरात दाखवला, आणि मागे बसलेल्या एक मॅडम, सहसा काही न बोलणाऱ्या, एवढंच म्हणाल्या, "प्रतल बदलायला डेल्टा-व्ही, म्हणजे वेगातला बदल, किती धरलाय?" मी म्हटलं, सेकंदाला दोनशे मीटर. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. मी एकाच कक्षेत पुढेमागे सरकायचा आकडा उचलला होता! त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं: विषुववृत्ताशी कक्षेचा कल 55 अंश, नोडमधलं (कक्षा विषुववृत्त ओलांडते त्या बिंदूंमधलं) अंतर 60 अंश, म्हणजे दोन प्रतलांतला खरा कोन साधारण 48 अंश. उपग्रहाचा वेग सेकंदाला 3.9 किमी आणि तो नुसता वळवायला 3.2 किमी. "एवढं इंधन नेलंस तर उपग्रह कुठे ठेवशील?" मग खडू खाली ठेवत म्हणाल्या, "त्यापेक्षा चार तास थांब की." पृथ्वी फिरते, लाँचपॅड तिच्याबरोबर फिरतं, चार तासांनी तेच रॉकेट तसंच सोडलं की 60 अंश पलीकडचं प्रतल फुकटात मिळतं. म्हणजे प्रत्येक प्रतलाला वेगळं उड्डाण. शीट मी तिथेच बंद केलं.

पण अगदीच मूर्ख नव्हतो हां. खालच्या कक्षेत थांबून प्रतल आपोआप सरकू द्यायचं, हा माझा बचाव होता आणि तो चूक नाही, 500 किमीवर ते दिवसाला चारेक अंश सरकतं, पंधरवड्यात काम झालं. फक्त वरचा टप्पा पंधरा दिवस जगायला हवा ना, त्याच्या बॅटऱ्या तासांच्या हिशोबाने असतात.

मग एका प्रतलात एका वेळी किती? इथे माझंच माझ्याशी भांडण आहे. 2014 मध्ये सोयुझ रॉकेटाच्या वरच्या टप्प्यात इंधनाची नळी गोठली, दोन गॅलिलिओ भलत्याच कक्षेत गेले. दोनच होते म्हणून निभावलं, असं मी म्हणायचो. 2016 पासून एरियान 5 रॉकेटाने एकेका प्रतलात चार-चार नेले आणि सगळे नीट पोचले, तेव्हा जुना मी आतून म्हणाला, बघ, मोठंच बरं. त्याला मी 2013 चं प्रोटॉन रॉकेट दाखवतो, सेन्सर उलटे बसवलेले, उड्डाणानंतर काही सेकंदांत तीन ग्लोनास जमिनीवर. तो म्हणतो, ती चूक लहान रॉकेटातही झाली असती. झाली असती, खरंय.

मला विचाराल तर दोन-दोन. पण गेल्याच आठवड्यात चारच्या पर्यायावर सही करून मीच फाइल पुढे पाठवलीय.