‘कॅन्सर की न्यूरो?’ : टीपीएच्या एका क्वेरीने आणलेला वैताग

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन चालू होतं. दुसऱ्या डोसनंतर उजवी पापणी पडायला लागली, एकाचे दोन दिसू लागले, संध्याकाळी आवाज नाकातून यायचा. आम्हाला वाटलं, मेंदूत पसरला. पण एमआरआय स्वच्छ, सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) मात्र हजारांत. या औषधाने प्रतिकारशक्तीला मोकळं रान मिळतं आणि कधीकधी ती आपल्याच स्नायूंवर उठते. मायस्थेनिया (नसांचा संदेश स्नायूंपर्यंत नीट न पोचल्याने येणारा अशक्तपणा) आणि मायोसायटिस (स्नायूंचा दाह) एकदम. हृदयावरही येऊ शकतं, म्हणून ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी) आणि ईसीजी लगेच झाले. इंजेक्शन बंद, स्टिरॉइड चालू, पाच दिवस आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीज शिरेतून देणं) ठरलं.

अडलं टीपीएपाशी, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या एजन्सीपाशी. आयव्हीआयजीचा हिशोब किलोमागे 2 ग्रॅम. अण्णा 60 किलोचे, म्हणजे 5 ग्रॅमच्या 24 बाटल्या, बिल लाखांत. क्वेरी आली, “अ‍ॅडमिशन कॅन्सरचं की न्यूरोचं?” कॅन्सरचं म्हणावं तर आयव्हीआयजी कॅन्सरचं औषध नाही. न्यूरोचं म्हणावं तर मायस्थेनियाच्या अँटिबॉडी पॉझिटिव्हचा रिपोर्ट आणा. तो निगेटिव्ह आला होता, आणि या प्रकारात बऱ्याच जणांचा तसाच येतो. डेस्कवरचा मुलगा म्हणे, “मॅडम, सिस्टीममध्ये तसा ऑप्शनच नाहीये.” आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) 2024 च्या परिपत्रकात कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्या म्हटलंय. यांचा तास प्रत्येक क्वेरीला नव्याने सुरू! इकडे अण्णांना एका दमात वीसपर्यंत आकडे म्हणता येईनात, म्हणजे श्वासाचे स्नायूही थकत चालले होते. (घरी असताना असं झालं तर अपॉइंटमेंट बघत बसू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.)

शेवटी ऑन्कॉलॉजिस्ट आणि न्यूरोलॉजिस्ट दोघांच्या सहीचं एकच पत्र दिलं. हा पेम्ब्रोलिझुमॅबचा दुष्परिणाम आहे, अँटिबॉडी निगेटिव्ह असली तरी निदान लक्षणं, सीपीके आणि आरएनएस (नसेला विजेचे हलके झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद बघणाऱ्या) तपासणीवरून केलंय, आयव्हीआयजी थांबवणं धोक्याचं आहे. संध्याकाळच्या आत अप्रूव्हल! असंच पत्र हवं होतं तर पहिल्याच क्वेरीत मागायला काय झालं होतं? तुम्ही मात्र अ‍ॅडमिशनच्या दिवशीच मागून घ्या.

हो, बाटल्यांवरचे स्टिकर सिस्टर सोलून चार्टवर चिकटवतात, त्या पानाचा रोज फोटो काढा. क्लेमला बॅच नंबर लागतात.

आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने ‘मायस्थेनिया’ लिहा, खाली अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन, अ‍ॅमिकॅसिन न्यूरोला विचारल्याशिवाय नको म्हणून. या अँटिबायोटिक्सने मायस्थेनियाचा अशक्तपणा वाढू शकतो. अण्णांच्या खोकल्यावर रात्रपाळीच्या डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिन लिहिलंच होतं, सिस्टरने ते लाल अक्षर बघून फोन लावला.