ॲलर्जी असलेल्या मुलाचा डबा: पाकिटाची मागची बाजू आधी वाचा

घटकांची यादी दर खरेदीला वाचा, खाऊ नेहमीचा असला तरी. कंपन्या गाजावाजा न करता घटक बदलतात, आणि एकाच बिस्किटाचा छोटा नि मोठा पुडा वेगळ्या कारखान्यांतला असू शकतो. दुधाची ॲलर्जी असेल तर नुसता ‘दूध’ शब्द शोधून भागत नाही. केसीन, केसिनेट, व्हे हेही दुधातलेच. ‘लॅक्टोज-फ्री’वर तर अजिबात विसंबू नका. त्यात दुधातली साखर नसते, ॲलर्जी आणणारी प्रथिनं तशीच असतात. ‘अंश असू शकतो’ ही सूचना बऱ्याच देशांत ऐच्छिक आहे, त्यामुळे ती छापलेली नाही म्हणजे खाऊ निर्धोक, असं समजू नका. काजू चालत नसेल तर पिस्ताही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

घरात घोळ होतो तो बहुधा सुरीवर. शेंगदाण्याचं बटर लावलेली सुरी नुसती पुसायची आणि तिनेच सफरचंद कापायचं, एवढंही पुरतं. म्हणून हा डबा सगळ्यात आधी भरा, साबणाने धुतलेल्या सुरीने आणि पाटावर. हातही साबणानेच धुवा. सॅनिटायझरने जंतू मरतात, पण प्रथिनं हातावरच राहतात.