अर्धी टाकी

काका म्हणत होते इंजिन रिच चालतंय, म्हणजे इंधन जास्त पडतंय; पुतण्या म्हणत होता लीन, म्हणजे इंधन कमी. दोघं विमान घेऊन माझ्या टेबलापाशी आले तेव्हा हे भांडण चांगलंच मुरलेलं असणार, कारण एकाने वाक्य सुरू केलं की दुसरा वैतागून ते पुरं करत होता.

रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानांची इंजिनं बसवणं, ट्यून करणं आणि रुसलेली इंजिनं पुन्हा बोलती करणं हे माझं काम. हे विमान साधं ट्रेनर होतं. पंख वर, खाली तीन चाकं आणि नाकात ‘फॉर्टी सिक्स’, म्हणजे साडेसात सीसीचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन. तक्रार अशी, की चार-पाच मिनिटं झकास उडतं, मग हवेतच आवाज चढत जातो, चिरका होतो आणि इंजिन गप्प. मग पुतण्याने जीव मुठीत धरून विमान तरंगत खाली आणायचं. त्याने नीडल, म्हणजे इंधन कमीजास्त करणारा स्क्रू, उघडून इंधन वाढवलं, की पुढच्या खेपेला टाकी भरल्याबरोबर इंजिन भकभकायचं, धूर ओकायचं. काका नीडल परत आवळायचे. असं चाललं होतं.

या इंजिनाला लीन चालणं का सोसत नाही ते सांगायला हवं. याला वेगळं ऑइल नसतं. मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि साधारण पाचवा हिस्सा तेल असं एकत्रच इंधन असतं. इंधन कमी पडलं म्हणजे तेलही कमी पडलं. त्यात ठिणगीची वेळ ठरवणारं काही नाही. प्लगमधली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या संगतीने स्वतःच तापलेली राहते आणि दर फेरीला मिश्रण पेटवते. १९४७ साली अमेरिकेत रे आर्डन यांचा ग्लो प्लग बाजारात आला आणि छोट्या विमानांतून कॉइल, कंडेन्सर, बॅटरी हे सगळं ओझं उतरलं. पण वजन गेलं तसा ठिणगीवरचा ताबाही गेला. पेट कधी घ्यायचा हे मिश्रण, प्लग आणि दाब यांनी आपापसात ठरवायचं. मिश्रण लीन झालं की पेट लवकर होतो, इंजिन तापतं, आणखी तापतं, आणि बंद पडतं.

पहिल्या दिवशी मी जे केलं त्याची अजून लाज वाटते. मी इंजिनाचा माणूस, म्हणून इंजिनच विमानातून सोडवलं आणि स्टँडवर चढवलं. प्लग बदलला, कारण जुन्याची तार करडी आणि वेडीवाकडी झाली होती. मागच्या झाकणाचे स्क्रू आवळले. कार्बोरेटरच्या बुडाची रबरी रिंग काढून पाहिली, ठणठणीत होती. अकरा बाय सहाच्या प्रोपेलरवर दोन टाक्या जाळल्या. मिनिटाला ११,९०० फेरे, ना कमी ना जास्त. मी ऐटीत सांगितलं, “इंजिन निर्दोष आहे, घेऊन जा.”

तिसऱ्या दिवशी दोघं परत आले. पुढचं चाक तारेसकट उपटून हातात. विमान बऱ्याच लांब, उंच गवतात उतरलं होतं. काका काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

स्टँडवर मी जी टाकी वापरली होती ती माझी होती. विमानातल्या टाकीला मी हातच लावला नव्हता, कारण ती काढायची म्हणजे पंख उतरवा, नाकातून बोटं घाला, नळ्या सोडवा, फोम उपसा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

या वेळी काही उचकटायचं नाही असं ठरवलं. आधी पुढच्या चाकाला नवी तार वळवली, मग विमान जसंच्या तसं उभं करून शेपटीला दोर बांधला. टाकी ३२० मिलीची, काठोकाठ भरली. प्रोपेलर हाताने दोनदा सावकाश फिरवून पाहिला. सिलिंडरमध्ये इंधन तुंबलं असेल आणि तसाच स्टार्टर लावला तर आतला दांडा वाकतो, ही सवय मला महागात पडून लागलेली आहे. वरच्या टोकाला प्रोपेलर अडल्यासारखा झाला तसा पुतण्या दचकला. “जाम झालंय का?” नव्या इंजिनात ते तसंच असतं. पितळी लायनर वरती किंचित निमुळता असतो, तापला की पसरतो आणि मग पिस्टनला नेमका बसतो. थंड असताना घट्ट लागलं तर उलट खूश व्हावं.

इंजिन सुरू झालं. सुरुवातीला प्लग तापवणारा इग्नायटर काढून मी प्रोपेलरच्या मागे आलो. नीडल नेहमी मागूनच फिरवायची, पुढून हात घालायचा नाही, कितीही घाई असली तरी. फुल थ्रॉटलला टिक टिक करत नीडल बंद करत गेलो. अडखळणारा आवाज सलग झाला, फेरे मोजणाऱ्या टॅकोमीटरवर १२,१०० आले, तिथून थोडी उघडून ११,८०० वर आणली. इंधनाची नळी दोन बोटांत क्षणभर चिमटली. फेरे हलकेच चढले आणि सोडल्यावर जागेवर आले. चिमटल्याबरोबर इंजिन मेलं असतं तर ते आधीच लीन होतं असं समजायचं. विमान नाक वर करून उभं धरलं, तरी सूर तसाच.

“बघा,” काका म्हणाले, “किंचित रिचच आहे.”

बरोबर होतं त्यांचं. एरवी सगळे इथेच थांबतात. मीही थांबायचो. भरल्या टाकीवर सगळ्या चाचण्या होतात, इंधन महाग वाटतं, कान किटतात, आणि इंजिन बंद करून आपण निकाल देतो.

आम्ही चालू ठेवलं.

चारेक मिनिटं काही नाही. मग धूर विरळ झाला. आकड्यांच्या आधी मला तो धूर दिसला. आवाजाला धार आली, फेरे १२,००० पार गेले आणि लगेच डुगडुगायला लागले. मी खाली वाकून टाकीपासून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या पारदर्शक नळीकडे पाहिलं. एक बुडबुडा गेला. मग थोडी जागा, मग दुसरा. माळेतले मणी ओवल्यासारखे. फोम कमी पडून टाकी थरथरली तर नळीत दुधासारखा बारीक फेस येतो. हे तसं नव्हतं. हवा एकाच कुठल्या तरी जागेतून, रांगेने आत शिरत होती.

“लीन!” पुतण्या ओरडला. त्याचंही बरोबर होतं.

नाक वर केलं मात्र, दोन सेकंदांत इंजिन मेलं. टाकीत निम्मं इंधन शिल्लक होतं.

मग टाकी काढली. मधल्या बुचातून पितळी नळी आत येते, तिच्या टोकावर सिलिकॉनची मऊ नळी आणि तिच्या शेवटी क्लंक, म्हणजे इंधन ओढून घेणारं जड तोंड. विमान कसंही कललं तरी क्लंक इंधनामागे धावतो. क्लंकचं तोंड बोटाने दाबून सिलिकॉनची नळी पाण्याच्या ग्लासात बुडवली आणि दुसऱ्या टोकाने पंपाची हवा सोडली. काही नाही. बाहेरून बघायला नळी नवीकोरी. पण क्लंक जरासा बाजूला वाकवला तसे पितळेच्या टोकापाशी टपटप बुडबुडे सुटले. तिथे नखाएवढीही नव्हती अशी चीर होती. पितळी नळी पक्कडीने तोडली होती आणि कड घासली नव्हती. इंजिनाची थरथर आणि क्लंकचं हेलकावणं, त्या कडेने सिलिकॉन थोडं थोडं कापत आणलं होतं.

टाकी भरलेली असताना चीर इंधनात बुडालेली, म्हणून इंजिन सुरळीत. इंधन मध्याच्या खाली गेलं की चीर उघडी पडायची, आणि सायलेन्सरकडून टाकीत येणारा दाब तिच्यातून थेट नळीत हवा ढकलायचा. नाक वर केलं की इंधन मागे सरकतं, चीर पुढच्या बाजूला, म्हणून तिथे इंजिन आणखी लवकर मरायचं. काका टाकी भरून पाहायचे, पुतण्या अर्ध्या टाकीवर उडवायचा. एकाच विमानाबद्दल दोघं बोलत होते, फक्त पाच मिनिटांच्या अंतराने.

कड बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली, नवी नळी चढवली. क्लंक मागच्या भिंतीला चिकटू नये इतकी तिची लांबी ठेवली. टाकी फोमसकट परत आत. पुतण्या गप्प होता. पक्कड त्याचीच होती. मी विषय काढला नाही, कारण पहिल्याच दिवशी ‘टाकी कोणी बसवली?’ एवढं विचारलं असतं तर पुढचं चाक वाचलं असतं. चाकाचे पैसे मी घेतले नाहीत.

नीडल नव्याने लावली. आयडलवर, म्हणजे अगदी संथ चालताना, अडखळत होतं तेही लो-स्पीड स्क्रूच्या जरा हालचालीने गेलं, २,६०० वर घड्याळासारखं टिकटिकायला लागलं. मग फुल थ्रॉटल, आणि टाकी संपेपर्यंत थांबायचं. दोन मिनिटं, पाच मिनिटं. नळी स्वच्छ. अर्धी टाकी उलटली, नाक वर केलं, सूर हलला नाही. काका हाताची घडी घालून उभे. दहाव्या मिनिटाच्या आसपास आवाज एकदम चढला आणि धूर तुटला. काकांचा हात सवयीने नीडलकडे निघाला.

“काका, राहू दे,” पुतण्या म्हणाला. “टाकी संपली.”