पावसाळ्यात मिथेन तयार करताना

पाठ्यपुस्तकात मिथेनची कृती दोन ओळींत उरकते: सोडियम ॲसिटेट आणि सोडा लाइम (कॉस्टिक सोडा आणि चुना यांचं मिश्रण) तापवा, वायू पाण्यावर गोळा करा. नाशिकला जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की याच दोन ओळींना मला दोन दिवस लागतात. पहिला दिवस नुसता रसायनं कोरडी करण्यात जातो.

बाटलीतल्या सोडियम ॲसिटेटमध्ये बहुतेक वेळा स्फटिकजल, म्हणजे स्फटिकात बांधलेलं पाणी, असतं, वजनाच्या जवळजवळ ४० टक्के. पोर्सेलिनच्या डिशमध्ये मंद आचेवर ठेवलं की ते ५८ अंशांना आपल्याच पाण्यात विरघळतं, खदखदतं आणि मग पांढरं घट्ट होतं. बरेच जण इथेच आच बंद करतात, आणि फसतात. ढवळत ढवळत आच वाढवली की ३२४ अंशांच्या सुमारास ते पुन्हा वितळतं. आता ते निर्जल. त्याहून तापवलं तर करडं पडतं, ॲसिटोनचा वास सुटतो. कोमट असतानाच खलात कुटून थेट डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात.

जुन्या सोडा लाइमवर माझा विश्वास नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचं कार्बोनेट झालेलं असतं. चिमूटभर घेऊन विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकायचं. जोरात फसफसलं तर नवी बाटली फोडायची. नुसता कॉस्टिक सोडा वापरू नये. तो हवेतलं पाणी ओढतो आणि वितळून काच खातो. चुन्यामुळे मिश्रण वितळत नाही.

प्रमाण ४ ग्रॅम ॲसिटेटला १२ ग्रॅम सोडा लाइम. हिशोबाने सव्वा लिटर वायू मिळायला हवा. प्रत्यक्षात २५० मिलिलिटरचे तीन जार भरले तरी पुष्कळ. हार्ड ग्लासची नळी आडवी लावून तोंड किंचित खाली ठेवतो, नाहीतर तोंडाशी जमलेलं पाणी तापल्या बुडाकडे ओघळतं आणि नळी तडकते. मिश्रणाच्या वर वायूला जायला मोकळी वाट हवी. ज्योत आधी सगळ्या नळीवर फिरवायची, मग तोंडाकडून बुडाकडे न्यायची. पहिला जार सोडून द्यायचा, कारण त्यात हवा असते. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की मिश्रण स्फोटक. शेवटी वायुवाहक नळी पाण्याबाहेर काढायची आणि नंतरच बर्नर बंद करायचा. क्रम चुकला की द्रोणीतलं पाणी नळीत चढतं.

मिथेन फिकट निळ्या ज्योतीने जळतो, ब्रोमीन जलाचा (पाण्यात विरघळलेल्या ब्रोमीनचा) रंग घालवत नाही. रंग हळूहळू फिका पडला तर बहुधा ॲसिटोनची किंवा किंचित एथीनची भेसळ असते.

एथीन ब्रोमीन जलाचा रंग घालवतो, पण त्याच्या प्रयोगात हीच चाचणी उलट दगा देते. अल्कोहोल आणि संहत सल्फ्युरिक आम्ल १७० अंशांपर्यंत नेताना (१४० च्या आसपास रेंगाळलं तर ईथर मिळतो) सल्फर डायऑक्साइडही निघतो, आणि तोही ब्रोमीन जल रंगहीन करतो. म्हणून वायू आधी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून न्यायचा. त्या द्रावणाची बाटली मध्ये नसेल तर निष्कर्ष मी मानत नाही. ॲसिटिलीन त्या मानाने सोपा. सातपूर-अंबड या नाशिकच्या औद्योगिक वसाहतींतल्या वेल्डिंगवाल्यांच्या ओळखीचं कॅल्शियम कार्बाइड वाळूच्या थरावर ठेवून थेंबथेंब पाणी सोडायचं. लसणासारखा वास फॉस्फीनचा. तो आम्लयुक्त मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात अडकतो.

मिथेनची नळी गार झाल्यावरच धुवावी. आतला दगडासारखा थर खरवडू नये. आधी रात्रभर पाण्यात, मग विरल आम्लात ठेवला की सुटतो.