घारापुरीचा हत्ती घारापुरीत नाहीच

अजिंठा सोमवारी बंद असतो हे आम्हा जळगावच्या लोकांना पाठ असतं, पाहुणे आले की पहिला तोच हिशोब. तरी सोमवारी घारापुरीची लेणी पण बंद असतात हे काही डोक्यात आलं नाही. त्यात दादरच्या लॉजवाल्याने छातीठोकपणे सांगितलं, जा ना, सकाळी पहिली लाँच पकडा. आईने पहाटे उठून दशम्या आणि ठेचा बांधून घेतला, आणि गेटवेला जाऊन बघतो तर आज लाँच नाही. मी खूप वैतागले. चोपड्याहून आलेली बासष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखतात, समुद्र पहिल्यांदा बघतेय, आणि तिला असं माघारी फिरवायचं?



मग सीएसएमटीहून लोकल पकडून भायखळ्याला उतरलो, राणीच्या बागेत. नातवाला म्हणजे माझ्या मुलाला पेंग्विन बघायचे होते, पण आई डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर जो काळा दगडी हत्ती उभा आहे ना, त्याच्यापाशीच थांबली. "कितला मोठा शे वं माय!" मी तिला सांगितलं की हाच तो घारापुरीचा हत्ती, याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ साली इंग्रज त्याला इंग्लंडला न्यायला निघाले, उचलताना तो पडला आणि तुकडे झाले, मग ते तुकडे इथे आणले आणि १९१४ मध्ये परत जोडले. जवळून बघितलं की जोड कळतात.

आई एकदम गप्प. मग म्हणाली, "याले उचलीसन ली जात व्हतात?"

सकाळी गेटवेपाशी मीच तिला सांगितलं होतं की १९११ ला पंचम जॉर्ज राजा इथे उतरला म्हणून ही कमान, ती बांधून झाली १९२४ ला. तिने ते बरोबर लक्षात ठेवलं होतं. म्हणाली, सोताच्या राजासाठी एवढी कमान बांधली आणि आपला हत्ती फोडला. हत्तीच्या सावलीतच बसून आम्ही दशम्या खाल्ल्या, पोरगं पेंग्विन पेंग्विन करत होतं तरी ती अर्धा तास उठली नाही, आणि खरं सांगते, मला पण उठावंसं वाटेना. अजिंठ्याला मी वीसेक वेळा गेले असेन पण दगडाची अशी माया आली नव्हती.

मंगळवारी गेलोच. लाँचला तासभर, मग ऊन आणि त्या शंभरावर पायऱ्या, गुडघेवाल्यांनी काठी न्यावीच. वीसेक फुटांचा सदाशिव अंधारातून हळूहळू दिसायला लागतो तेव्हा अंगावर काटा येतो, आई हात जोडून उभी राहिली. उतरताना तिने ताक विकणाऱ्या मावशींना विचारलं, हत्ती कुठे होता हो? मावशी म्हणाल्या, तो राजबंदरला, बेटाच्या पलीकडच्या बाजूला, इकडे शेतबंदरला नाही. तिकडे जायला वेळच उरला नव्हता.

परतीच्या लाँचमध्ये ती बसलीच नाही. कठडा धरून बेटाकडे बघत राहिली, पलीकडचं काही दिसतं का म्हणून.