राजाचा कोट आणि राजाचा घोडा

आज स्टॉकहोमच्या राजवाड्याच्या तळघरातील शाही शस्त्रागार संग्रहालय पाहिले आणि बाहेर पडल्यावर बराच वेळ कोणाशी बोलावेसे वाटले नाही. गुस्ताव दुसरा अडॉल्फ या राजाने १६२८ मध्ये पोलंडच्या मोहिमेत अंगावर असलेले आपले कपडे जपून ठेवण्याची आज्ञा दिली आणि त्यातूनच स्वीडनमधील हे सर्वांत जुने संग्रहालय उभे राहिले.

तलवारी, चिलखते, शाही बग्ग्या तेथे पुष्कळ आहेत. पण माझे पाय खिळले ते कातडी कोटापुढे. आधीच्या लढाईत लागलेल्या गोळीमुळे राजाला पोलादी चिलखत सोसत नसे, म्हणून एल्क या थोराड हरणाच्या जाड कातड्याचा हा कोट घालूनच तो १६३२ मध्ये जर्मनीतील ल्युत्सेनच्या रणांगणात उतरला आणि तेथेच पडला. कोटावरील भोके आजही स्पष्ट दिसतात. शत्रूने तो व्हिएन्नाला नेला होता. पहिल्या महायुद्धानंतर स्वीडिश रेडक्रॉसने केलेल्या मदतीची जाण ठेवून ऑस्ट्रियाने तो १९२० मध्ये परत केला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या लढाईत राजा ज्याच्यावर स्वार होता तो स्ट्राइफ नावाचा घोडाही भुसा भरून येथे जतन केलेला आहे.

पुढे तिसरा गुस्ताव या नंतरच्या स्वीडिश राजाचा पोशाख आहे. १७९२ च्या मार्चमध्ये मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात त्याच्यावर मागून गोळी झाडली गेली आणि तेरा दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. त्या रात्रीचा मुखवटा काचेआड पाहताना माझा हात नकळत स्वतःच्या चेहऱ्याकडे गेला.